डांबरची तहान

१

टर्नरच्या गळ्याचं जे काही उरलं होतं, त्यावर कुणीतरी कामाचा मळका एप्रन टाकला होता. एप्रन लहान पडत होता. लेथ मशीनपासून दारापर्यंत रक्त वाळून काळं पडलं होतं आणि त्यात लेथवर सोलल्या गेलेल्या लोखंडाची चमकदार कात चिकटून बसली होती. कोपऱ्यात त्याचा कुत्रा बसलेला. काळाकुट्ट, वासराएवढा, आणि तोंड रक्तानं माखलेलं. त्याचं नाव डांबर.

प्राण्यांची डॉक्टर वर्कशॉपच्या दारात पोचली तेव्हा बाहेर गल्ली भरली होती. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात फरशीचा तुकडा.

"हाणा त्याला! वाट कसली बघताय?"

"मालकालाच खाल्लंन हो! पोसलं त्यालाच!"

डॉक्टर वाट काढत आत शिरली, तेवढ्यात तिच्या मागून एक बाई धक्का देऊन पुढे गेली. टर्नरची बायको. रात्री ती बहिणीकडे मुक्कामाला होती आणि आत्ताच येऊन पोचली होती. तिनं भिंतीला टेकवलेली लोखंडी सळई उचलली आणि काही कळायच्या आत दोन्ही हातांनी डांबरच्या पाठीत घातली. हाडावर लोखंड बसल्याचा आवाज झाला. कुत्रा कळवळला, पण त्याची कळ नाकातूनच बाहेर पडली, कुणी तोंडावर उशी दाबून ओरडावं तशी.

"काकू!" डॉक्टरनं सळई धरली.

"सोड! दोन महिने पेज करून भरवत होता माणूस याला! मला स्वयंपाकघरातून हाकलून! आणि यानं…" काकूंचा हात सैल पडला. सळई खणखणत खाली गेली.

फौजदारांनी रुमाल नाकाला लावून काकूंना बाहेर नेलं. हे फौजदार डॉक्टरचे सख्खे मामा. कुत्र्याच्या केसांनी त्यांना शिंकांवर शिंका येत, आणि भाचीनं नेमका हाच धंदा निवडला म्हणून ते अधूनमधून बहिणीला टोमणे मारत.

"ऐक पोरी," ते परत येऊन म्हणाले, "वरून हुकूम आलाय. माणूस मारणारं जनावर संध्याकाळपर्यंत संपवायचं. बाहेरच्यांनी ठेचून मारण्यापेक्षा तुझ्या सुईनं गेलेलं बरं."

दोन महिन्यांपूर्वी डांबर तिच्याचकडे आला होता. तिच्याच औषधावर होता. आता तो बरा होत आला असणार, निदान तसंच तिच्या कानावर येत होतं. बरं केलं ते याच्यासाठी? तिनं सिरिंज भरली. सुई टोचण्याआधी हिरड्यांचा रंग बघायची तिची सवय होती, मरणाऱ्या जनावराच्यासुद्धा. तिनं डांबरचा ओठ उचलला, अंगठा दातांवर ठेवला आणि जबडा उघडायला जोर लावला.

मग आणखी जोर लावला.

भरलेली सिरिंज तिनं परत पेटीत ठेवली. "मामा, इकडे या. शिंका आल्या तरी चालतील. आणि याच्या तोंडात बोट घालून दाखवा."

२

मामांनी बोट घातलं नाही. पण डॉक्टरनं घालून दाखवलं, म्हणजे घालायचा प्रयत्न करून दाखवला. वरच्या आणि खालच्या दातांमधून तिची करंगळीसुद्धा नखापुढे शिरेना.

"याला रोग आहे," ती म्हणाली. "शरीराचं स्वतःचं सैन्य चावण्याच्या स्नायूंनाच शत्रू समजतं आणि त्यांच्यावर तुटून पडतं. आधी सूज येते, मग स्नायू सुकतात, आणि शेवटी त्यांची दोरी होते. कपाळाच्या दोन्ही बाजूंचे हे खड्डे बघा. इथं मांस हवं होतं. बेशुद्ध केलं तरी हा जबडा उघडणार नाही, म्हणजे सोंगही नाही. माझ्याकडे आणला तेव्हा तोंड दोन बोटं उघडत होतं. आता तेवढंही नाही."

"म्हणजे चावलाच नाही?"

"हा साधी भाकरी चावू शकत नाही, मामा. जिभेनं पेज चाटतो. माणसाचा गळा कुठून फाडणार?"

मामांनी प्रेताकडे पाहिलं. डॉक्टरनं एप्रन बाजूला केला. कुत्रा चावतो तेव्हा वरचे दात एका बाजूनं रुततात आणि खालचे दुसऱ्या बाजूनं. दोन्हींमध्ये मांस चिरडतं. इथं काही चिरडलं नव्हतं. सगळ्या जखमा एकाच दिशेनं, वरून खाली ओढलेल्या. आणि केसांत, कानामागे, कवटी खोल गेलेली.

"आधी डोक्यात घातलं," ती म्हणाली. "मग पडल्यावर कशानं तरी ओढून ओढून गळा फाडला."

लेथवरून निघणारी लोखंडाची गरम कात हातानं धरता येत नाही. ती ओढायला लांब दांडीचा आकडा असतो. भिंतीवर त्याची खुंटी रिकामी होती. हवालदारानं शोधल्यावर आकडा मशीनखालच्या तेलाच्या तसराळ्यात सापडला, तळाशी. शेजारी मोठा पाना.

मामांचा चेहरा बदलला. मगाशी ते एक काम उरकायला आले होते; आता त्यांना खून मिळाला होता.

"मग त्याच्या तोंडाला रक्त?"

"तेच बघत होते." डॉक्टरनं डांबरची मान उजेडाकडे वळवली. रक्त नाकापासून गालांपर्यंत सुकलेलं, केसांचे काटे झालेले. पण नाकाड्याच्या मधोमध, डोळ्यांच्या थोडं पुढे, बोटभर रुंदीचा आडवा पट्टा स्वच्छ होता. तो हनुवटीखाली गेला होता आणि तिथून कानामागे. "रक्त फासलं तेव्हा याचं तोंड बांधलेलं होतं. नंतर बांधलेलं काढून घेतलं. बांधल्या तोंडानं कुणी कुणाला चावत नाही. ज्यानं हे केलं त्याला कुत्र्याची भीती होती, आणि जबडा मिटलाय हे ठाऊक नव्हतं."

"म्हणजे घरचं कोणी नाही."

"तसं नाही. पेज टर्नर स्वतः करायचे, स्वतः भरवायचे. काकू तर याच्या जवळही जात नव्हत्या."

बाहेर कुणीतरी दगड मारला. खिडकीची काच फुटून डांबरच्या पुढ्यात पडली. तो हलला नाही. फक्त त्याच्या शेजारच्या घमेल्यातलं पाणी थरथरलं.

घमेलं काठोकाठ भरलेलं होतं. डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं खाली वाकून वर्कशॉपची सगळी फरशी, कोपरा न् कोपरा, बघून काढली. उठली तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "मामा, हा कुत्रा रात्री इथं नव्हताच."

३

चौकशी शेजारच्या मास्तरांच्या ओसरीवर झाली. मास्तर निवृत्त, एकटे. कुत्र्याला विष घालीन असं त्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकवलं होतं.

"म्हणालो होतो. नाकारत नाही," मास्तर म्हणाले. "रोज भुंकायचा. अलीकडे मात्र भुंकणंही बंद झालं होतं, नुसता घोगरा हुंकार. मला वाटलं, माझ्या धमकीचा परिणाम. शिक्षकाला आयुष्यात एकदा तरी असं वाटावं लागतं."

"काल काही ऐकलंत?"

"दिवस मावळायच्या सुमाराला काहीतरी पडल्याचा आवाज झाला. लोखंडाच्या वर्कशॉपात लोखंड पडणारच. त्यानंतर चिडीचूप. रात्रभर कुत्र्याचा हूं नाही की चूं नाही. दारावर नखंसुद्धा घासली नाहीत त्यानं."

डॉक्टरनं मामांकडे पाहिलं. बघा, म्हणाले होते ना, असं ते पाहणं होतं.

तिच्या दवाखान्यातला कंपाउंडर पेटी घेऊन आला होता. पन्नाशीचा, शांत, ज्याच्या हातात पिसाळलेलं मांजरही गुमान बसायचं. डांबरला गोळ्या गिळता येत नव्हत्या, म्हणून एक दिवसाआड तोच येऊन इंजेक्शन देत असे.

"दादा, तुम्ही तर मला म्हणाला होतात, तोंड उघडायला लागलंय," डॉक्टर चिडून म्हणाली. "इतके दिवस मी त्या भरवशावर राहिले!"

"मालक म्हणायचे, मॅडम, फरक आहे म्हणून. मी आपलं तेच तुम्हाला सांगितलं." त्याचे डोळे भरून आले होते. "मी तोंडात बघतो कधी? सुई द्यायची आणि निघायचं. कालही देऊन गेलो, उजेडी. मालकांनी चहा दिला मला."

स्वतः जाऊन बघायचं सोडून तिनंच माणूस पाठवला होता. आता त्याच्यावर काय तोंड टाकायचं?

उरला धाकटा, टर्नरचा भाऊ. दोघं मिळून वर्कशॉप चालवत. सकाळी त्यानंच दार उघडलं होतं. ते दार ओढलं की आपोआप बंद होई, आणि बाहेरून उघडायला किल्ली लागे. एक किल्ली मेलेल्याच्या खिशात होती, दुसरी याच्याकडे. त्याच्या शर्टावर, हातांवर, हनुवटीवर रक्त होतं.

"उचललं मी त्याला! माझा भाऊ पडलाय आणि मी काय बघत उभा राहू?"

"भांडण होतं म्हणे तुमचं."

"कुणाचं नसतं? तो सारखा त्या कुत्र्याच्या मागे. ग्राहक दारात, आणि हा आत पेज ढवळतोय! मी एकदा लाथ घातली कुत्र्याला, तर त्यानं मला पाना फेकून मारला. हे बघा, खांद्यावर आहे अजून. पण म्हणून मी…"

"आता ऐका," डॉक्टर म्हणाली. तिला स्वतःच्या आवाजातली खात्री आवडत होती. "डांबरच्या औषधाचा एक गुण आहे. ते घेणाऱ्या कुत्र्याला भयंकर तहान लागते. बादल्या रिकाम्या करतो आणि तितकंच बाहेर टाकतो. रात्रभर कोंडला तर त्याला धरवणारच नाही. पण वर्कशॉपात एक थेंब नाही, आणि घमेलं भरलेलं. दाराला नखं नाहीत. दोनच दिवसांपूर्वी टर्नरांचा मला फोन आला होता, यानं किती पाणी प्यायला हवं म्हणून. पुसून पुसून कंटाळले असणार. तेव्हा हा रात्रभर दुसरीकडे कुठेतरी होता. सकाळी कुणीतरी आणून, तोंड बांधून, रक्त फासून आत सोडला. आणि सकाळी ते दार एकाच माणसानं उघडलं."

धाकट्याला समजायला वेळ लागला. समजलं तसा तो तिच्या अंगावर धावून आला. मामांनी त्याला मधेच धरला आणि अशी थोबाडीत ठेवून दिली, की तो मास्तरांच्या कुंडीवर आदळला आणि कुंडी फुटली. हवालदारानं पोटात गुडघा घातला. तो मातीत तोंड खुपसून ओरडत होता, "कुठं नेला होता म्हणता कुत्रा? कुठं? विचारा तिला! ओला करून गेला असेल तर ती जागा दाखवा की!"

त्याला फरफटत नेलं. कंपाउंडरनं मान फिरवली होती. डॉक्टरला मात्र तो प्रश्न कुसळासारखा टोचत राहिला. कुठं?

४

हुकूम रद्द झाला, पण डांबर सुटला नाही. सुटणं डॉक्टरच्या हातात नव्हतं.

"औषध चालू असूनही जबडा मिटत गेला," तिनं दवाखान्यात काकूंना सांगितलं. "म्हणजे औषध लागू पडलं नाही. स्नायूंची दोरी झाली असेल तर पुढे उपाय नाही. उद्यापरवा जीभसुद्धा बाहेर येणार नाही. उपाशी मरेल तो. त्यापेक्षा…"

काकू पिंजऱ्यापासून चार हात लांब उभ्या होत्या. सळईचा वळ डांबरच्या पाठीवर सुजून आला होता.

"यानं नाही मारलं," त्या म्हणाल्या.

"नाही, काकू."

"आणि मी त्याला मारलं." त्यांची नजर त्या वळावर गेली. "दिरानं केलं असं म्हणतात. खरं असेल तर मला कोण उरलं? हा पण नको का ठेवायला? बघ ना काही होतंय का. उद्यापर्यंत तरी बघ."

उद्यापर्यंत. डॉक्टरनं मान डोलावली. करण्यासारखं काही नव्हतं, पण उद्यापर्यंत न मारणं तरी तिला जमण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात आली ती तडक पिंजऱ्याकडे. डांबर उठून उभा राहिला, शेपूट हलवली. पिंजरा कोरडा होता. बाहेर अंगणात नेल्यावर त्यानं झाडाशी एकदा पाय वर केला, घाई नाही की काही नाही. परत आल्यावर तिनं पाण्याच्या भांड्यात बघितलं. तिनंच आदल्या संध्याकाळी भरलं होतं. दोन बोटं उतरलं होतं, बस.

दात आवळलेले असले तरी ओठाच्या कडेनं जीभ घालून त्याला पाणी चाटता येत होतं, पेज चाटत होताच. म्हणजे प्यायला येत नव्हतं असं नाही. तहानच नव्हती.

ती तिथंच फरशीवर बसली.

दोन महिने ज्या कुत्र्याला ते औषध चालू आहे, त्याचं पोट सुटतं. केस विरळ होतात. तो अधाशासारखा खातो आणि पितो. तिनं डांबरच्या पोटाखाली हात घातला. खपाटीला गेलेलं. केस दाट, चकचकीत. मानेवर सुयांच्या जुन्या खुणा मात्र भरपूर. सुया टोचल्या होत्या. त्या सुयांत काय होतं?

अख्खं तर्कट एका क्षणात उलटं झालं. ती आधी कुत्र्याला औषध मिळतंय असं धरून चालली, आणि त्यावरून फरशी ओली हवी होती असं तिनं ठरवलं. फरशी खोटं बोलत नव्हती. तिचं गृहीतकच खोटं होतं. डांबर रात्रभर वर्कशॉपातच होता, आपल्या मेलेल्या मालकापाशी, गुपचूप. कारण कुठल्याही साध्या कुत्र्यासारखा तो रात्रभर धरून राहू शकत होता. घमेलं भरलेलं होतं, कारण त्याला प्यायचं नव्हतं. आणि टर्नर? तो माणूस केसाच्या जाडीइतका फरक पकडण्यावर पोट भरणारा. त्यानं फोन केला तो पाणी जास्त होतंय म्हणून नाही. किती प्यायला हवं, असं त्यानं विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, भरपूर, औषधच तसं आहे. त्यावर तो थोडा थांबला होता. मग म्हणाला होता, "बरं. तुमचा माणूस येईल तेव्हा त्याच्याशी बोलतो."

तिच्या माणसाशी.

आपण साप साप म्हणून भुई धोपटत बसलो, आणि साप आपल्याच खिशात होता.

तिनं स्वतःच्या कपाटातली सीलबंद बाटली फोडली, मोजून औषध ओढलं आणि डांबरच्या मांडीत दिलं. मग भांडं काठोकाठ भरलं, कंपाउंडरला आज सुट्टी असा निरोप धाडला आणि मामांना फोन लावला. "धाकट्याला आणखी मारू नका. नाही, कारण आत्ता नाही सांगत. ते कारण अजून पाणी प्यायला लागलेलं नाही."

५

त्याच दुपारपर्यंत डांबर भांड्यापाशी लुडबुडू लागला होता. पुढचा दिवस उजाडला तेव्हा भांडं कोरडं ठणठणीत होतं आणि पिंजऱ्याखाली तळं साचलं होतं. डॉक्टरनं ते तळं एखाद्या प्रयोगाचं उत्तर बघावं तसं बघितलं. तिनं फडकं घेतलं, पण पुसण्याआधी मामांना बोलावून दाखवलं.

"हे दाखवायला बोलावलंस?" मामांनी तीन शिंका दिल्या. "मी बाहेर ओसरीत थांबतो. इथं मरेन मी."

"थांबा, पण लांब जाऊ नका."

कंपाउंडर नेहमीच्या वेळेला आला. एप्रन चढवला, हात धुतले. तळं बघून तो क्षणभर थबकला, मग पुसायला वाकला.

"राहू द्या, दादा. आधी याला धरा. गुंगी देऊन जबडा तपासायचाय." तिच्या हातात गुंगीचं इंजेक्शन भरलेलं होतं.

"हो मॅडम." त्यानं डांबरला टेबलावर घेतलं. डांबर त्याला बघून अंग चोरत होता. कंपाउंडरनं खिशातून बँडेजची पट्टी काढली, तिचा फास केला, नाकाड्यावर टाकला, ओढला, हनुवटीखाली एक वेढा देऊन टोकं कानामागे नेली आणि गाठ मारली. सगळं न बघता, श्वास घ्यावा इतक्या सहज.

पट्टी नेमकी तिथं बसली होती, जिथं केस रक्तावाचून स्वच्छ राहिले होते.

"दादा," डॉक्टर म्हणाली, "याचं तोंड उघडतच नाही. परवा तुमच्यासमोर सांगितलं मी. मग बांधलंत कशाला?"

त्याचे हात गाठीवर थांबले.

"सवय," तो म्हणाला.

"त्या दिवशीही सवयच?"

तो हसला. ओशाळल्यासारखा, चूक पकडल्यावर शाळकरी मुलगा हसतो तसा. मग त्यानं खिशातलं दुसरं पट्टीचं भेंडोळं काढून हातात गुंडाळलं, आणि ते तिच्या मानेभोवती आहे हे तिला कळलं तेव्हा ते आवळलंही गेलं होतं. तिचं डोकं औषधांच्या कपाटावर आदळलं. काच फुटली, कपाळावरून रक्त डोळ्यात आलं. तिला ओरडायचं होतं. घशातून नुसती शिट्टी निघाली.

"किती पाणी, किती पाणी!" तो तिच्या कानात फुसफुसत होता. "त्याचंही तेच! 'दादा, सुईत काय असतं सांगा, डॉक्टरांना बोलावतो.' कुत्र्यासाठी! माणसांना मिळत नाही ते औषध! गुडघे धरून रडणाऱ्या म्हाताऱ्यांना मी एका सुईत उभं करतो…"

डांबर टेबलावरून थेट त्याच्या अंगावर पडला. चावता येत नव्हतं, तोंड तर बांधलेलंच. त्यानं वासराएवढं धूड नुसतं आपटलं. कंपाउंडरनं त्याच्या बरगड्यांत बूट घातला, एकदा, दोनदा. पट्टी तेवढ्यापुरती सैल झाली. डॉक्टरनं हातातली सिरिंज मुठीत धरून त्याच्या मांडीत खुपसली आणि अंगठा शेवटपर्यंत दाबला.

माणूस काही लगेच पडत नाही. औषध रक्तात भिनायला वेळ लागतो, हे तिला ठाऊक होतं, आणि तेवढा वेळ जगायचं होतं. तिनं हनुवटी छातीशी दाबून धरली, त्याचा अंगठा दातांत पकडला आणि हाड लागेपर्यंत चावली. तो किंचाळला. ती किंकाळी ऐकून मामा आत घुसले आणि त्यांनी हातातला दंडुका त्याच्या कोपरावर घातला. कोपर उलट्या बाजूला वाकलं. नंतर तो खाली बसला, डोळे जड झाले, आणि फुटलेल्या काचांवर तो आडवा झाला.

डॉक्टरनं तोंडातलं रक्त थुंकलं.

"माझं आहे की त्याचं?" ती म्हणाली.

"त्याचंच," मामा म्हणाले, आणि शिंकले.

६

त्यानं पुढे सगळं कबूल केलं, थोडा फुशारकीनंच. डांबरचं औषध तो लांबच्या वस्तीतल्या एका भोंदू वैद्याला विकत होता. तिथं ते गुडघेदुखीची जादूची सुई म्हणून माणसांना टोचलं जाई. कुत्र्याच्या मानेत जाई ते उकळलेलं पाणी. कुत्रं काय सांगणार?

"पण त्याच्याकडे गळा फाडायचं डोकं कुठून आलं?" मामांनी विचारलं. डॉक्टरच्या कपाळाला टाके होते, त्यामुळे ते तिच्याशी जरा मऊ बोलत होते.

"पाना त्यानं रागाच्या भरात घातला. मग पाहिलं, तर माणूस मेला आणि शेजारी मोठा कुत्रा. त्यानं तो कुत्रा बांधल्या तोंडाचाच बघितलेला, दरवेळी. तोंड बरं होतंय असं मला खोटं सांगता सांगता त्याचं त्यालाच खरं वाटायला लागलं होतं. म्हणून चावा रचला. रक्त फासायला जवळ जायचं होतं, तर आधी हातांनी पट्टी बांधली. पंचवीस वर्षं तेच करताहेत ते हात. डोकं विचार करत होतं खुनाचा, हात मात्र नोकरी करत होते."

धाकटा सुटला. एक डोळा सुजून बंद, दोन दात गेलेले. डॉक्टर त्याच्याकडे माफी मागायला गेली. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमची अक्कल फार धारदार आहे, डॉक्टर. पुढच्या वेळी म्यानातून काढण्याआधी समोर कोण उभा आहे ते बघा." आणि दार लावून घेतलं. ते तिला मिळायलाच हवं होतं.

डांबरसाठी मात्र सगळं बदललं होतं. औषध लागू पडलं नव्हतं असं नाही. ते त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. स्नायूंची दोरी झाली होती की अजून थोडं मांस जिवंत होतं, हे औषध खरं दिल्याशिवाय कळणार नव्हतं. आता इंजेक्शन द्यायला डॉक्टर स्वतः जाई. काकू पेज करत, पण ती ताटली पायानं पुढे सरकवत. सळईची आठवण दोघांनाही होती. डांबर त्यांची चाहूल लागली की भिंतीला चिकटे, आणि काकू त्याच्या डोळ्याला डोळा देत नसत.

दिवस गेले. आधी करंगळी शिरू लागली. मग एक बोट. पुढे बरेच दिवस तेवढंच, आणि डॉक्टर घरी परतताना वाटेत स्वतःशीच भांडत राही.

मग एका दुपारी ती अंगणात शिरली तेव्हा डांबर उन्हात पसरला होता. काकू उंबऱ्यावर तांदूळ निवडत होत्या. डांबरनं पुढचे पाय ताणले, मान वर केली, डोळे मिटले आणि जांभई दिली. कुठल्याही आळशी कुत्र्यासारखी, लांबलचक, आवाज करत. गुलाबी टाळू दिसली, वळलेली जीभ दिसली, आणि सगळे दात.

काकूंच्या हातातलं सूप कलंडलं. त्या उठून एक पाऊल मागे सरल्या. तांदूळ पायरीवरून घरंगळत राहिले.

"उघडलं," त्या म्हणाल्या.

"उघडलं, काकू."

काकू डांबरच्या तोंडाकडे बघत होत्या. त्याला कळेना हे काय चाललंय. तो कान पाडून बसला.

"आता चावू शकेल हा?"

डॉक्टरला खोटं बोलावंसं वाटलं. "हो," ती म्हणाली. "आता कुणी अंगावर आलं तर चावेल."

काकूंनी थोडा विचार केला. मग त्या पायरी उतरून आल्या आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसल्या, इतक्या जवळ की त्याचा श्वास त्यांच्या हाताला लागत होता.

"मग बरंय," त्या म्हणाल्या, आणि हात मागे घेतला नाही.